न्याहारीची भाकरी

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या गुणगौरवप्रसंगी मी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाने आज्ञा केली. मी पडलो जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला प्राथमिक शिक्षक. मोठ्या विषयास हात घालण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून रोज सकाळी आपल्या ताटात जे पडते, त्या न्याहारीविषयीच बोलावे असे ठरविले आहे.

माझ्या लहानपणी जळगाव-धुळ्याकडील आपल्या घरांत न्याहारी म्हणजे भाकरी, हे सांगावे लागत नसे. रात्रीची ज्वारीची भाकरी सकाळी दुधात वा ताकात कुस्करावयाची, नाहीतर तिच्यावर ठेचा व तेलाची धार घेऊन शेताकडे निघावयाचे. थंडीत बाजरी असे. घरचे उडीद असले म्हणजे कळण्याची भाकरी होई. चार भाग ज्वारीस साधारण एक भाग अख्खे उडीद आणि बेताचे मीठ घालून दळले की झाला कळणा. रब्बीत काळ्या जमिनीतील ओलीवर येणाऱ्या दादर ज्वारीच्या भाकरीची गोडी तर ज्येष्ठांना सांगावयास नको. गहू हा सणाचा मानकरी. आखाजीला खापरावर पुरणाचे मांडे होत, तेव्हा त्याची खरी पूजा.

हा क्रम का बदलला, याचा विचार केला तर काही कारणे आपल्या हातची नव्हती. १९६४ साली ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. उत्पन्न वाढले, परंतु त्या दाण्याला जुन्या ज्वारीची चव नव्हती. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. त्या वेळी मी शाळकरी होतो. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी थापताना आई काही बोलत नसे. आम्हीही मुकाट्याने खात असू. तिने माणसे जगविली, हे उपकार विसरता येणार नाहीत. त्यानंतर रेशनच्या दुकानात गहू आणि तांदूळच मुख्य झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये व तांदूळ तीन रुपये किलो झाला आणि २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळू लागले. इकडे शेतात कापूस, केळी, मका, सोयाबीन यांनी ज्वारीची जागा घेतली. गरिबाची म्हणविली जाणारी ज्वारी अशा रीतीने गरिबालाच महाग झाली. चहाबरोबर पोहे, टोस्ट, बिस्किटे ही घरोघरची न्याहारी झाली.

परंतु एक कारण आपल्या हातचे होते. ते सांगण्यासाठी मला माझीच चूक कबूल केली पाहिजे. तिसरीच्या वर्गात मी एकदा आहाराचा पाठ घेत होतो. सकाळी कोणी काय खाल्ले, असे विचारले. कोणी पोहे म्हणाले, कोणी बिस्किटे. मी ‘छान’ म्हणालो. एक मुलगा उभा राहून म्हणाला, ‘शिळी भाकर न मिरची.’ वर्ग हसला. दुःखाची गोष्ट ही की, मीही हसलो. पुढील आठवड्यात तोच प्रश्न विचारला तेव्हा तो मुलगा म्हणाला, ‘पोहे.’ थोड्या वेळाने अक्षर गिरवून घेण्यासाठी त्याचा हात हाती घेतला, तो बोटांना ठेच्याचा वास येत होता. मी स्वतः त्या दिवशी घरून भाकरीच खाऊन निघालो होतो. ज्या अन्नावर मी वाढलो, त्याचीच लाज वाटावयास मी एका लेकराला शिकविले, आणि वर खोटे बोलावयासही शिकविले.

आज काळाचा न्याय पाहा. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. आपल्या सरकारने त्यांना ‘श्रीअन्न’ हे नाव दिले. शहरांतील दुकानांत ज्वारीचे पोहे रंगीत पाकिटांतून विकले जातात. ज्वारी काही औषध नव्हे; तीही पिष्टमय धान्यच आहे. तथापि तिच्यात चोथा चांगला असतो, आणि तृणधान्याच्या प्रथिनात जो घटक कमी पडतो तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. कळण्यात उडीद मिसळणाऱ्या आपल्या आज्यांनी ही जोड अनुभवानेच जमविली होती.

आता कोणी म्हणेल, मग सुनांनी पुन्हा भाकरी थापाव्यात. येथेच थोडे थांबावे. ती जुनी न्याहारी कोणाच्या कष्टांवर उभी होती? आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंच्या पिढीने पहाटे उठून घरोट ओढले, तेव्हा सकाळी भाकरी मिळाली. माझी सूनबाई सकाळच्या बसने नोकरीस जाते. हल्ली घरात भाकरी दिसत नाही, असे मी एकदा जेवताना कुरकुरलो. ती शांतपणे म्हणाली, ‘नाना, पीठ डब्यात आहे.’

त्या एका वाक्याने मी वयाच्या बासष्टाव्या वर्षी विद्यार्थी झालो. पहिल्या भाकरी काठाला फाटल्या. ज्वारीच्या पिठास गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून ते उकळत्या पाण्यात भिजवावे लागते, आणि पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, हे मला पत्नीने शिकविले. आता आठवड्यातून तीन दिवस न्याहारी माझ्याकडे असते. नातू कळण्याची भाकरी लोण्याबरोबर आवडीने खातो, आणि शाळेत विचारले तर तसे सांगतोही.

म्हणून माझी विनंती लहानशीच आहे. पुढील वर्षीच्या संमेलनात सकाळी पोह्यांऐवजी कळण्याची भाकरी व ठेचा असावा, आणि ती भाकरी आपण पुरुषमंडळींनी थापावी. काही भाकरी फाटतील, काही करपतील, मुले हसतील. आपल्या थापण्याला त्यांनी खुशाल हसावे. भाकरीला मात्र कोणी हसू नये.