घरांतील ज्योतीची राखण



सेवाग्रामचें नांव घेतलें कीं आपणांस बापूंची कुटी, चरखा आणि प्रार्थनाभूमि आठवते. चूल सहसा आठवत नाहीं. परंतु या परिसरांत चुलीचाही विचार मनापासून झालेला आहे. १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते व मगनवाडींत त्याचें काम चाले. 'मगन चूल' हें नांव या मगनवाडीवरूनच आलें. एका विस्तवावर दोन-तीन भांडीं चढावीं व धूर धुराड्यावाटे बाहेर जावा, अशी तिची रचना. मात्र धुराडें काजळीनें तुंबलें कीं तीच चूल घर धुरानें कोंदून टाकी. चांगलें साधन मिळणें वेगळें आणि तें चांगलें राखणें वेगळें. आज इंधन बदललें आहे. राखण करण्याचें काम मात्र सुटलेलें नाहीं.

आतां खेड्यांतील स्वयंपाकघरांत गॅस दोन वाटांनीं येतो. एक वाट गोठ्यांतून, शेणाच्या गोबरगॅसची. १९६० नंतर खादी व ग्रामोद्योग आयोगानें त्याचा देशभर प्रसार केला. दुसरी वाट सिलिंडरची. २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनें ती अनेक गरीब घरांपर्यंत नेली. थंड देशांत याच इंधनाच्या भट्ट्या सबंध घर ऊबदार ठेवतात. आपल्याकडे त्यावर भाकरी भाजते. शेगडी असो वा भट्टी, जळण्याचा नियम एकच: गॅसला पुरेशी हवा मिळाली पाहिजे, आणि जळाल्यावांचून तो घरांत सुटतां कामा नये.

हवा पुरेशी मिळते कीं नाहीं, हें ज्योतच सांगते. निळी, स्थिर व बर्नरला धरून असलेली ज्योत निरोगी समजावी. ती पिवळी झाली आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरूं लागली, तर 'हल्लीं गॅसच वाईट येतो' असें म्हणण्यापूर्वीं बर्नर पाहावा. पुष्कळदां उतूं गेलेल्या डाळीनें किंवा दुधानें त्याचीं भोकें बुजलेलीं असतात. शेगडी बंद करून, बर्नर पूर्ण थंड झाल्यावर तो काढावा, ब्रशानें घासावा, धुवावा आणि कोरडा करूनच पुन्हां बसवावा. ज्या बारीक छिद्रांतून गॅस बाहेर पडतो, त्यांत मात्र सुई किंवा तार घालूं नये. तें मोठें झालें तर गॅस अधिक सुटतो व ज्योत कायमची बिघडते. ज्योत 'फट्' असा आवाज करून बर्नरच्या आंत जळूं लागली, तर ताबडतोब शेगडी बंद करावी.

पिवळ्या ज्योतीची उपेक्षा करूं नये, याचें कारण केवळ काजळी नव्हे. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या इंधनापासून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. प्रथम डोकें दुखतें, गुंगी येते. निजलेल्या माणसास तर तेंही कळत नाहीं. म्हणून पौषाच्या थंडींत दारें-खिडक्या लावून उबेसाठीं शेगडी पेटवून निजणें म्हणजे मृत्यूला घरांत बोलावणें होय.

गोबरगॅसचे कांहीं दोष वेगळे आहेत. ज्योत नाचूं लागली किंवा मधूनच विझूं लागली, तर नळींत पाणी सांचलें असावें. हा गॅस ओला असतो. त्यांतील वाफेचें नळींत पाणी होतें. नळीच्या सर्वांत खालच्या जागीं असलेली तोटी उघडून तें वेळोवेळीं काढावें. त्या वेळीं जवळपास विस्तव नसावा. हिवाळ्यांत गॅस कमी मिळतो, कारण थंडींत शेण कुजण्याची क्रिया मंदावते. शेणांत साधारण तितकेंच पाणी कालवावें आणि तें सकाळच्या थंडींत न टाकतां दुपारीं, उन्हानें तापल्यावर टाकावें. परंतु कांहींही अडलें तरी संयंत्राच्या खड्ड्यांत उतरूं नये. तेथें श्वासापुरता प्राणवायु नसतो व विषारी वायु असतो. एक माणूस पडतो, त्याला काढण्यास दुसरा उतरतो आणि दोघेही परत येत नाहींत.

सिलिंडरचा गॅस हवेहून जड असतो. गळूं लागला कीं तो जमिनीलगत पसरतो व कोपऱ्यांत सांचून राहतो. त्याला स्वतःचा वास फारसा नसतो. आपणांस कळावें म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. तो आला तर आगकाडी ओढूं नये आणि विजेचें बटण चालूही करूं नये व बंदही करूं नये. शेगडी व रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या, मुलांमाणसांस बाहेर न्यावें आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावें. एरवीं गळतीची शंका आली तर सांध्यांवर साबणाचें पाणी लावून पाहावें. बुडबुडे आले कीं गळती आहे असें समजावें. ज्योत लावून गळती शोधणें हें धाडस नव्हे, अविचार होय.

सिलिंडर नेहमीं उभा असावा व शेगडी त्याहून उंच ओट्यावर असावी. रबरी नळी पांच वर्षांनीं बदलावी. त्यापूर्वीं चीर पडली तर तत्काळ. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर व वर्षाचा आंकडा असतो. ए, बी, सी, डी या चार अक्षरांनीं वर्षाच्या चार तिमाह्या दाखविल्या जातात, आणि त्या मुदतीपर्यंत सिलिंडरची पुन्हां तपासणी व्हावयास हवी. मुदत टळलेला सिलिंडर दारांतूनच परत पाठवावा. तो आपला अधिकार आहे.

स्वच्छता, पाहणी आणि वेळीं बंद करणें, एवढें काम आपलें. रेग्युलेटर उघडणें, तोटी बदलणें, सिलिंडरच्या झडपेस हात लावणें हें काम जाणकाराचें. ही सीमा ओळखणें यांत कमीपणा नाहीं. आणि हें ज्ञान केवळ घरांतील स्त्रियांवर सोपवूं नये. ज्या घरांत शेगडी आहे, त्या घरांतील प्रत्येक पुरुषास व जाणत्या मुलास रेग्युलेटर कसा बंद करावा हें ठाऊक असलें पाहिजे. आज रात्रीं निजण्यापूर्वीं तो सर्वांकडून एकेकदां बंद करवून घ्या. माझ्या या भाषणाचें सार्थक तेवढ्यानें होईल.