येनचा हिशेब आणि सातबाऱ्याचा रकाना



१९८९ च्या ऑक्टोबरात टोकियोच्या मित्सुबिशी इस्टेट कंपनीने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर समूहातला ५१ टक्के हिस्सा ८४.६ कोटी डॉलरला घेतला. त्यातला मुख्य ऐवज म्हणजे रॉकफेलर सेंटर. जपानी बँकांत तेव्हा पैसा ओसंडत होता आणि टोकियोतल्या जमिनीचे भाव कळसाला पोचले होते. मॅनहॅटनच्या ऐन मध्यावरच्या त्या मनोऱ्यांपेक्षा सुरक्षित जागा पैशाला मिळणार नाही, अशी खरेदीदारांची खात्री होती. सहा वर्षांत, १९९५ मध्ये, रॉकफेलर सेंटरसाठी दिवाळखोरीचा अर्ज झाला आणि मित्सुबिशीने तिथल्या बहुतेक इमारतींवर पाणी सोडले.

नेमके काय घडले, हे वहीत मांडून पाहण्यासारखे आहे. १९८९ मध्ये एका डॉलरला साधारण १४० येन पडत होते. म्हणजे कंपनीने जवळजवळ १२ हजार कोटी येन टाकले. १९९५ च्या एप्रिलमध्ये डॉलर ८० येनवर आला. तोच हिस्सा खरेदीच्याच डॉलर किमतीला विकला असता, तरी हाती पावणेसात हजार कोटी येन आले असते. त्यात न्यूयॉर्कमधल्या कार्यालयांची भाडी पडलेली, आणि डोक्यावर १३० कोटी डॉलरचे तारणकर्ज.

इमारतीला तडा गेला नव्हता. नाताळचे मोठे झाड दरवर्षी तिथे उभे राहत होते, खालच्या रिंकवर मुले बर्फावर घसरत होती. तोटा चलनाचा होता आणि भाड्याच्या अंदाजाचा होता.

जमीन आणि इमारतींच्या अर्थव्यवहाराचा विषय विद्यापीठात शिकवावा लागतो तो यासाठीच. जमीन मोजणे, तिची किंमत ठरवणे हे काम इंग्लंडात पिढ्यान् पिढ्या कचेरीत उमेदवारी करून शिकले जाई. १८६८ मध्ये लंडनच्या सर्व्हेअर मंडळींनी आपली संस्था काढली. आज जगभर मूल्यांकनाचे दंडक घालून देणारी आरआयसीएस ती हीच. १९१९ मध्ये कॉलेज ऑफ इस्टेट मॅनेजमेंट निघाले, आणि पुढे केंब्रिजने ‘लँड इकॉनॉमी’ नावाचा स्वतंत्र विभाग उभा केला. कायदा, अर्थशास्त्र, नगररचना आणि पर्यावरण तिथे एकाच छताखाली आले. एकच फाइल वकील, अर्थतज्ज्ञ आणि नगररचनाकार या तिघांच्या नजरेने वाचू शकणारा माणूस बाजाराला हवा होता.

लंडनच्या जुन्या गोदीत उभे राहिलेले कॅनरी वॉर्फ अशाच त्रिकोणात अडकले. मुख्य मनोरा १९९१ मध्ये तयार झाला. बांधणारी ओलिंपिया अँड यॉर्क ही कॅनडाची कंपनी १९९२ मध्ये कोसळली. तिथवर जाणारी ज्युबिली लाइन सुरू झाली ती १९९९ मध्ये. नंतर तिथे बड्या बँकांचे मनोरे उभे राहिले. जागेची निवड चुकली नव्हती. रेल्वे यायला उशीर झाला आणि कर्जाचे व्याज थांबले नाही.

मलेशियातल्या फॉरेस्ट सिटीची गोष्ट मात्र जास्त बोचते. सिंगापूरच्या समोर, जोहोर राज्यात समुद्रात भराव टाकून चार बेटे करायची आणि सात लाख माणसांचे शहर वसवायचे, अशी चीनच्या कंट्री गार्डन या बिल्डर कंपनीची योजना होती. गिऱ्हाईक प्रामुख्याने चीनमधले मध्यमवर्गीय. पण चिनी नागरिकाला वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर परकीय चलन घेता येत नाही, आणि २०१७ च्या सुमारास तिथल्या सरकारने परदेशातल्या घरांसाठी पैसा बाहेर नेण्याच्या वाटा आवळल्या. २०१८ मध्ये मलेशियात सत्ता बदलली आणि पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांनी परदेशी लोकांसाठी वसणाऱ्या या शहराला उघड विरोध केला. २०२३ मध्ये कंट्री गार्डनचे डॉलरमधले रोखेही थकले. टॉवर उभे आहेत. रात्री त्यांच्या बहुतेक खिडक्यांत दिवा नसतो. आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतलेली कुटुंबे त्या अंधाराची किंमत मोजत आहेत.

सरकारे नियम बदलतात आणि त्यांना तो अधिकार आहे. १ जानेवारी २०२३ पासून कॅनडाने परदेशी नागरिकांच्या घरखरेदीवर बंदी घातली; न्यूझीलंडने तसाच कायदा २०१८ मध्ये केला होता. सिंगापूरने एप्रिल २०२३ मध्ये परदेशी खरेदीदाराचे जादा मुद्रांक शुल्क ३० टक्क्यांवरून थेट ६० टक्क्यांवर नेले. घर घ्या आणि निवासाचा परवाना मिळवा, हा मार्ग पोर्तुगालने २०२३ मध्ये आणि स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये बंद केला. गुंतवणूकदारांनी यावर त्रागा करू नये. लिस्बनमध्ये शाळेत शिकवणाऱ्या किंवा व्हँकुव्हरच्या रुग्णालयात काम करणाऱ्या तरुणाला स्वतःच्याच गावात घरभाडे परवडत नसेल, तर तिथल्या सरकारला त्यात हात घालावाच लागतो.

परदेशातल्या घरखरेदीचा हा विषय आपल्याही दाराशी आला आहे. दुबईच्या बिल्डरांची प्रदर्शने मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉटेलांत भरतात आणि मराठी कुटुंबे चेकबुक घेऊन जातात. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. पण परदेशातले घर प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवले नाही, तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड बसू शकतो. स्टॉलवरचा गोड बोलणारा माणूस हे क्वचितच सांगतो. ते सांगणारा कोणीतरी कुटुंबाच्या बाजूने बसलेला हवा.

उलट दिशेने पाहिले, तर अनिवासी भारतीयाला इथे फ्लॅट किंवा दुकान घेता येते. शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. आणि महाराष्ट्रात बहुतेक जमिनींचा प्रश्न शेवटी सातबाऱ्यापाशी येऊन थांबतो. त्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ एवढी नोंद असली, की सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन हस्तांतरित होत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव, बँकेचा बोजा, कधी कोर्टाचा मनाई हुकूम असतो. न्यूयॉर्कहून आलेली शंभर पानी फाइल या एका रकान्यापाशी अडते. तो वाचायला जुन्या उताऱ्यावरचे तलाठ्याचे अक्षर लावता यावे लागते, आणि मराठी पदवीधराइतके ते कोणाला चांगले जमणार?

पवईत हे सगळे एकत्र दिसते. तिथल्या हिरानंदानी वसाहतीतली कार्यालये कॅनडाच्या ब्रुकफील्डने घेतली. २०२३ मध्ये ब्रुकफील्डचा भारतातला रीट, म्हणजे अनेकांचा पैसा भाड्याच्या इमारतींत गुंतवणारा न्यास, आणि सिंगापूर सरकारचा जीआयसी निधी त्यांचे निम्मे-निम्मे भागीदार झाले. सकाळी कांजूरमार्गला उतरून रिक्षाने तिथे पोचणारा मुलगा कॉम्प्युटर सुरू करतो. त्याच्या कंपनीने भरलेल्या भाड्याचा वाटा सिंगापूरच्या राखीव निधीत जातो आणि काही वाटा रीटचे युनिट घेतलेल्या भारतीय बचतदाराकडे येतो. सेबीच्या नियमाने रीटला वाटपयोग्य रकमेतले ९० टक्के वाटावेच लागतात. उद्या त्या मुलाला घरून काम करायला सांगितले आणि त्याच्या कंपनीने दोन मजले सोडले, तर त्याचा परिणाम इतक्या दूरवर पोचतो.

म्हणून आज पदवी घेऊन निघणाऱ्या तुम्हा सर्वांना एक विनंती आहे. पहिल्या नोकरीत पहिल्या इमारतीचे मूल्यांकन तुमच्याकडे येईल, तेव्हा कामाच्या दिवशी भर दुपारी तिथे जा. किती मजल्यांवर दिवे लागले आहेत ते मोजा. वॉचमनला विचारा, कोणी जागा सोडली. बसथांबा किती लांब आहे, पाणी टँकरचे येते की नळाचे, ते पाहा. जमिनीचा कागद स्वतः वाचा. त्यानंतरच अहवालावर सही करा.