रक्ताच्या अहवालातलं फेम्टोलिटर

घरात कुणाचा तरी रक्ततपासणीचा अहवाल असेलच. त्यात हिमोग्लोबिनच्या खाली ‘एमसीव्ही’ नावाची ओळ शोधा. पुढे ८० ते १०० च्या आसपासचा आकडा आणि इंग्रजीत ‘एफएल’ अशी अक्षरं दिसतील. हे फेम्टोलिटर. तुमच्या एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान!

एककापुढे ‘मिलि’ लागलं की हजारावा भाग, ‘मायक्रो’ म्हणजे दहा लाखावा. पुढे नॅनो, पिको, फेम्टो, अ‍ॅटो. दर पायरीला आणखी हजारपट लहान. त्याच अहवालात ‘एमसीएच’ पिकोग्रॅममध्ये असतं. एका पेशीत साधारण २७ ते ३२ पिकोग्रॅम हिमोग्लोबिन असतं. लोह कमी पडलं, की हे दोन्ही आकडे उतरतात आणि डॉक्टरांना कारणाचा माग लागतो. इतक्या सूक्ष्म मापाचा केवढा हा उपयोग!

अ‍ॅटोसेकंदांच्या प्रकाशझोतांनी इलेक्ट्रॉनच्या हालचाली टिपणाऱ्या अगोस्तिनी, क्राउस आणि ल्युलिये यांना २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी, २०२२ मध्ये, वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं रॉन्टो आणि क्वेक्टो हे आणखी लहान उपसर्ग मंजूर केले. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान भरतं सुमारे ०.९ रॉन्टोग्रॅम.

आपल्यापुरतं मात्र मिलि आणि मायक्रो पक्कं हवं. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, तापाची मिलिग्रॅममध्ये. फरक हजारपटीचा आहे. म्हणून औषध घेताना आकड्याइतकंच त्यापुढचं एककही नीट वाचा, आणि शंका आली तर औषधविक्रेत्याला जरूर विचारा.