हप्त्याचे घर आणि ठेवणीचा स्वयंपाक

(ट्रस्टच्या महोत्सवी कुटुंबमेळाव्यात दिलेले भाषण)



संयोजकांनी मला "काटकसर" हा विषय दिला. हा विषय नेहमी शाळेतल्या बाईंच्याच वाट्याला का येतो, हे मी विचारले नाही. उत्तर आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण काटकसर हा शब्द फार मोठा आहे आणि त्यावर सुभाषितेही पुष्कळ झाली आहेत. म्हणून मी तो थोडा आखडून घेते. ज्यांनी कर्ज काढून घर बांधले आहे आणि ज्यांचा मासिक हप्ता चालू आहे, त्यांच्या चुलीपुरतेच मी बोलणार आहे.

आपल्या पांढुर्ण्यात काय किंवा सौसरात काय, गावाच्या कडेला नव्या वस्त्या उठल्या आहेत. त्यांतील कितीतरी घरांच्या दारावर मालकाचे नाव आहे आणि घराचे कागद मात्र बँकेच्या तिजोरीत आहेत. पूर्वी याला सरळ गहाण म्हणत. आता गृहकर्ज म्हणतात, शब्द गोड आहे, पण वस्तू तीच. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण मुलांना शिकवतो. येथे तर अंथरूणच गहाण आहे.

मी गणित शिकवते, म्हणून आधी हिशेब सांगते. समजा, १० लाख रुपयांचे कर्ज आहे, व्याज शेकडा ९ आणि मुदत २० वर्षे. मासिक हप्ता जवळजवळ ९,००० रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या त्या ९,००० पैकी ७,५०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून फक्त १,५०० कमी होतात. पाच वर्षे नेमाने हप्ते भरले म्हणजे आपण सुमारे ५ लाख ४० हजार रुपये दिलेले असतात, आणि तरीही ८ लाख ८७ हजार रुपये देणे उरलेले असते. हा आकडा पाहून अनेकांना बँकेने फसवले असे वाटते. फसवणूक यात नाही. घटत्या बाकीवरच्या व्याजाची रीतच ही आहे. सुरुवातीला बाकी मोठी, म्हणून व्याज मोठे.

आता याच हिशेबात एक फेरफार करा. पहिल्या महिन्यापासून हप्त्यावर दरमहा १,००० रुपये जास्त भरा. कर्ज २० वर्षांऐवजी सुमारे साडेपंधरा वर्षांत फिटते आणि तीन लाखांच्या वर रक्कम वाचते. हेच १,००० रुपये दहा वर्षे उलटल्यावर भरायला लागलात तर फक्त दीड वर्ष वाचते आणि पैसे वाचतात साठ हजारांच्या आसपास. म्हणजे हजार रुपये तेच, पण आरंभीच्या वर्षांतला हजार आणि मागाहूनचा हजार यांची किंमत एक नाही. तरुण जोडप्यांनो, तुम्ही पहिल्या पाच वर्षांत घर सजवता आणि पंधराव्या वर्षी काटकसर करायला बसता. क्रम उलटा हवा.

जास्त रक्कम भरल्यावर बँकेला लेखी सांगावे की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी बँकांनी दंड घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१२ सालापासून आहे. आणखी एक गोष्ट. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. तेव्हा पुष्कळांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. ऑगस्ट २०२३ च्या आदेशाने असा दरबदल होताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारण्याचा अधिकार कर्जदाराला मिळाला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे गेले आणि आपला छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली त्यातूनच पांढुर्णा जिल्हा वेगळा निघाला. आपल्या जिभेवर वऱ्हाडी आहे आणि कर्जाचे कागद इंग्रजीत नाहीतर हिंदीत. समजले नाही तर विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता सही करण्यात आहे.

आता हे हजार रुपये आणायचे कोठून? पगार ठरलेला. शाळेची फी, औषध, दुचाकीचे पेट्रोल, यांना हात लावता येत नाही. फिरून फिरून नजर स्वयंपाकघराकडेच जाते, आणि येथेच मला खरे बोलायचे आहे.

स्वयंपाकघरातली काटकसर म्हणजे कमी खाणे, असा समज फार जुना आहे आणि फार घातक आहे. घरात तंगी आली की प्रथम कोणाच्या ताटातली भाजी कमी होते? धन्याच्या नाही, मुलांच्या नाही. जी सर्वांत शेवटी जेवते, तिच्या. तिच्या वाट्याला भाकरी आणि ठेचा उरतो, आणि तीही म्हणते, मला एवढेच पुरते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा देशात घराचे हप्ते बाईच्या ताटातून फेडले गेले, तर ते घर फार महाग पडले असे मी म्हणेन. तेव्हा डाळ, पालेभाजी, अंडी, दूध यांतून एक पैसाही काढू नका. पैसा जातो तो दुसरीकडून. दमून घरी आल्यावर "आज काही करवत नाही" म्हणून मागवलेल्या पुडक्यांतून जातो, डब्याऐवजी मुलांना दिलेल्या दहा-वीस रुपयांतून जातो, फ्रीजच्या तळाशी सडलेल्या सांभारातून आणि महिन्यातून सहा वेळा किरकोळीने आणलेल्या तेल-डाळीतून जातो. याचे मूळ दारिद्र्यात कमी आणि आयत्या वेळच्या घाईत जास्त आहे.

घाईवर उपाय म्हणजे ठेवणीचा स्वयंपाक. हल्ली यालाच बॅच कुकिंग म्हणतात आणि मुली मोबाईलवर ते कौतुकाने पाहतात. पाहू द्या. पण आपल्या आजी-दादीला हे कोणी शिकवावे लागले नाही. चैत्र-वैशाखातले आपले वाळवण दुसरे काय होते? गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा आणि पहाटे चूल पेटवून ऊन चढण्याच्या आत कुरड्या घालून मोकळे व्हायचे. मुगाच्या वड्या, कोहळ्याचे वडे, ज्वारीचे पापड, काडीवर गुंडाळलेले सरगुंडे, सुकवलेली हरभऱ्याची भाजी. आमच्या घरी यात ईदच्या शेवयांची भर. शेजारच्या काकूंची बाज आणि आमची चादर, त्यांचे पाट-लाटणे आणि अम्मीचा साचा. एका चुलीवर तीन घरांचा चीक शिजे. कोणाच्या किती कुरड्या हे मोजून घेत आणि तुटक्या तेवढ्या मुलांच्या. यात सरपण वाचे, मजुरी वाचे, आणि मुख्य म्हणजे पावसाळ्यात भाजी महागली की डब्यातून वडी निघे. मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी १९५९ साली ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला आरंभ केला आणि त्यातून लिज्जतचा पसारा उभा राहिला, हे आपण ऐकलेच असेल. प्रत्येकीने कारखाना काढावा असे माझे म्हणणे नाही. पण पाच जणी एका गच्चीवर जमल्या तर वर्षाचे काम चार सकाळींत होते, एवढे मात्र नक्की.

धान्याचेही तसेच. तूर निघाल्यावर तूर, एप्रिलमध्ये गहू, मिरचीच्या दिवसांत मिरची अशी वर्षाची बेगमी करावी. डाळीला एरंडेल तेलाचा हात लावावा, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, पत्र्याची कोठी उन्हात तापवून घ्यावी. मात्र बेगमीसाठी उसनवारी करू नये. एकदम सगळे जमत नसेल तर या वर्षी फक्त डाळ भरावी.

नोकरी करणाऱ्या घरात आठवड्याची तयारी रविवारी होते. मी काय करते ते सांगते, कारण असे बारीकसारीक सांगितल्याशिवाय भाषणाचा उपयोग नाही. दोन किलो कांदा एकदम चिरून त्यातला निम्मा तांबूस तळून ठेवते. आले-लसणाचे वाटण थोडे तेल-मीठ घालून आठवड्याचे करते. मटकी आणि हरभरा शनिवारी रात्री भिजतात. भिजलेले कडधान्य कुकरमध्ये लवकर शिजते, गॅस वाचतो. तीळ आणि जवसाची चटणी पंधरा दिवसांची. तुरीचे वरण साधे, फोडणीशिवाय, दोन दिवसांचे शिजवते. एका दिवशी त्याचे फोडणीचे वरण, दुसऱ्या दिवशी त्यातच पालक घालून डाळभाजी. घरात कोणी ओळखत नाही की डाळ कालचीच. भाकरी मात्र रोजची रोज. शिळी भाकर ताकात कुस्करून खायला मला आवडते, पण ती सर्वांवर लादायची नसते.

रमजानमध्ये ही पद्धत आपल्या घरांत आपोआप येते. सहरीला कोण कांदा चिरत बसणार? त्या एका महिन्यात जे जमते ते उरलेल्या अकरा महिन्यांत का जमू नये, हा माझा प्रश्न आहे.

एक सावधगिरी. आपल्याकडचा उन्हाळा निर्दय असतो. शिजवलेले अन्न एरवी दोन तासांच्या आत आणि मे महिन्यात तासाभरातच फ्रीजमध्ये जायला हवे. मोठे पातेले तसेच आत न ढकलता उथळ भांड्यांत काढावे, म्हणजे लवकर निवते. उरलेला भात बाहेर ठेवून सकाळी फोडणी देणे धोक्याचे. त्यातले विष फोडणीने मरत नाही. तीन दिवसांवर काही ठेवू नये, आणि वीज फार वेळ गेली तर हिशेब न करता टाकून द्यावे. आजारपणाच्या एका फेरीत चार महिन्यांची बचत जाते.

आणि पुरुष मंडळींना एक विनंती. रविवार हा बाईचाही सुटीचा दिवस आहे. सबंध आठवड्याचे रांधप एकटीने त्या दिवशी करायचे असेल, तर ही व्यवस्था महिनाभरही टिकणार नाही. हप्ता दोघांचा आहे तर कांदाही दोघांचा असावा. माझ्या घरी कांदा मुलगा चिरतो. डोळे पुसत चिरतो, पण चिरतो.

आपल्यात संत्र्याचे बागायतदार आणि कापूसवालेही बसले आहेत. त्यांची अडचण वेगळी. हप्ता दरमहा येतो आणि पैसा बहारासोबत येतो, अंबियाचा दिवाळीच्या मागे-पुढे, मृगाचा उन्हाळ्याच्या तोंडावर. बहार विकला की त्या आठवड्यात घरात जो मोकळा हात सुटतो, त्यातच नवी गाडी आणि लग्नाचे वाढीव जेवण बसते. माझी सूचना अशी की पैसा आल्या दिवशी पुढचे सहा हप्ते बाजूच्या खात्यात टाकावे आणि मगच मुद्दलात काय भरायचे ते ठरवावे. पगारदारांनीही तीन-चार हप्त्यांएवढी रक्कम हाताशी ठेवल्याशिवाय मुदतपूर्व फेडीच्या मागे लागू नये. सगळे बँकेत भरून टाकले आणि दुसऱ्या महिन्यात दवाखाना निघाला, तर बायकोच्या बांगड्या जातात. एक गहाण सोडवायला दुसरे गहाण.

व्याजाविषयी आपल्यातील अनेकांच्या मनात बोच आहे, ती मला माहीत आहे. त्यावर निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही, तो उलेमांचा. मी एवढेच म्हणेन की ज्याला व्याज टोचते, त्याला मुद्दल लवकर फेडण्याचे एक कारण इतरांपेक्षा जास्त आहे. आणि कुराणातली सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे आपल्या मुलांना सांगा. घरखर्चाची वही घालायला त्याहून मोठी शिफारस नको.

पाहुण्यांचेही बोलले पाहिजे. हप्ता सुरू झाला की काही घरे दार लावून घेतात. कोणाकडे जाणे नाही, कोणाला बोलावणे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला गावोगावचे नातेवाईक येतात, तेव्हा अशा घरांना कुलूप दिसते. हे मला पटत नाही. वरण-भात, वाळवणातले तळलेले दोन पापड आणि वर चहा, एवढ्यात पाहुणचार होतो. लाज वाटायची तर उधारीच्या बिर्याणीची वाटावी.

शेवटी कागदांविषयी. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख दस्तऐवजांवर होता. कर्जरोखे हिसकावून त्यांनी जाळले. त्या दंग्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. आज रोखे जाळावे लागत नाहीत, पण कर्ज फिटले तरी घराचे कागद आणायला विसरणारी माणसे मी पाहिली आहेत. सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत देणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. कर्ज घेताना दिलेल्या कागदांची यादी घरी जपून ठेवा, परत घेताना एकेक पान त्या यादीशी ताडून पाहा, देणे बाकी नसल्याचा दाखला घ्या आणि नोंदणीत बँकेचा बोजा असेल तर तो उतरवून घ्या. कर्जदार मयत झाला तर वारसांना कागद कसे मिळतील, तेही बँकेला आजच विचारून ठेवा.

ज्यांनी आपल्या कर्जाचे विवरणपत्र बरोबर आणले आहे, त्यांनी कार्यक्रमानंतर माझ्याकडे यावे. खडू आणि फळा येथे आहे, प्रत्येकाला दहा मिनिटे पुरतील.