तीन पानांचा डाव

बेळगावहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी खानापूर सोडते, सह्याद्रीच्या रानात शिरते आणि लोंढा जंक्शनला येऊन थांबते. १८८० च्या दशकात मुरगाव बंदराचा लोहमार्ग कॅसलरॉकमार्गे येथे येऊन मिळाला आणि लोंढ्याला गाडी बदलणे हा प्रवासाचा भाग झाला. हाती मोकळा वेळ, खिशात वाटखर्चाचे पैसे आणि भोवती सारे अनोळखी चेहरे. अशी जागा ठकाला नेहमीच प्रिय. मग ते जंक्शन असो, यात्रा असो की आठवड्याचा बाजार असो.

अठराव्या शतकातील लंडनमध्ये ही सोय मद्यगृहांनी केली होती. खेड्यातून आलेला माणूस हेरावयाचा, ओळख काढून त्याला पेला पाजावयाचा आणि मग सहज म्हणून पत्ते मांडावयाचे. विल्यम होगार्थ या चित्रकाराने १७३५ साली प्रसिद्ध केलेल्या चित्रमालेत जुगारगृहात सर्वस्व गमावून बसलेला तरुण वारसदार दाखविला आहे. त्याच दशकाच्या अखेरीस पार्लमेंटने फेरो, हॅझर्ड आदी खेळांवर बंदी घातली. खेळांची नावे बदलली. डाव चालूच राहिला. आपल्याकडेही हा रोग नवा नाही. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून फासे त्यानेच पुरवावे असे सांगितले आणि खोट्या फाशांना दंड ठरविला.

आता तीन पानांचा खेळ पाहू. दोन साधी पाने व एक राणी पालथी टाकावयाची; राणी ओळखणाऱ्यास दुप्पट पैसे. हा खेळ सचोटीने चालला तरी तीन वेळा रुपया लावणारा सरासरीने एकदा जिंकतो, दोनदा हरतो. म्हणजे रुपयाने बुडतो. पण सचोटी येथे नसतेच. एका हातात दोन पाने धरलेली असतात; खालचे पान टाकल्याचा भास करून वरचे टाकले जाते. डोळा राणीच्या मागे धावतो आणि चुकीच्या पानावर जाऊन बसतो.

भोवती जिंकणारे जे दिसतात, ते साथीदार असतात. ठकाने मान वळविताच त्यांतील एक जण राणीचा कोपरा हळूच दुमडतो व आपल्याकडे पाहून डोळे मिचकावतो. आपल्याला वाटते, खूण सापडली! आपण सारे पैसे लावतो. पण पाने फिरविताना तो कोपरा सरळ झालेला असतो आणि दुसऱ्याच पानाचा दुमडलेला असतो.

या विद्येचे मर्म बोटांत नाही, ते आपल्या मनात आहे. सावजाला क्षणभर आपणच ठकाला फसवीत आहोत असे वाटते आणि म्हणूनच फसल्यावर त्याची वाचा बसते. पोलिसांकडे जावे, तर आपणही जुगार खेळलो, हे सांगावे लागते. मुलाच्या फीचे किंवा औषधपाण्याचे पैसे जातात आणि घरी ‘खिसा कापला’ असे सांगितले जाते. या मौनावरच ठकाचा धंदा पोसतो.

कायदा आहे. १८६० च्या दंडविधानातील ४२० हा आकडा तर लोकभाषेत लबाडाचे नावच होऊन बसला; १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाने घेतली आहे. परंतु तक्रारच झाली नाही तर कलमाचा आकडा काय करणार? फसलेल्याने लाज गिळून बोलावे आणि घरच्यांनी त्याला हसू नये. एकाने तोंड उघडले, तर पुढच्या गाडीचे दहा उतारू सावध होतात.