दिसतें तें ऐकूंहि यावें

नभोवाणीवर बोलणाऱ्याची एक अडचण असते. त्याला श्रोत्यांस कांहीं दाखवितां येत नाहीं. 'हें पाहा' म्हणून बोट दाखवावें, तर तें दिसणार कोणाला? जें सांगावयाचें तें सर्व शब्दांनींच सांगावें लागतें. पस्तीस वर्षें फळ्यावर लिहून शिकविण्यांत घालविलेल्या मजसारख्या शिक्षकाला ही अडचण मोठी शिकवण देणारी वाटते.

माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्याची दृष्टि फार अधू. पहिल्या बांकावर बसूनहि फळ्यावरील अक्षर त्याला लागत नसे. मीं गणित फळ्यावर मांडावें आणि 'हें यांत मिळवा, तें त्यांतून वजा करा' असें म्हणत पुढें जावें. एके दिवशीं तो हळूच म्हणाला, "गुरुजी, 'हें' म्हणजे किती?" मला माझी चूक कळली. त्या दिवसापासून फळ्यावर लिहितांना तेंच मोठ्यानें बोलण्याची संवय मीं लावून घेतली. तिचा फायदा मागच्या बांकावरील मुलांनाहि झाला.

तो मुलगा आज प्रौढ गृहस्थ आहे. दृष्टि पूर्ण गेली. परंतु संगणकावर तो सराईतपणें काम करतो. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारी 'स्क्रीन रीडर' नांवाची योजना संगणकावर बसवितां येते. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानें २००६ सालीं हातीं घेतलेली 'एनव्हीडीए' ही त्यांपैकींच एक. ती विनामूल्य मिळते व मराठीहि वाचते.

मग अडतें कोठें? गेल्या वर्षीं मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरण्यासाठीं तो एका संकेतस्थळावर गेला. माहिती भरावयाच्या चौकटींना नांवें जोडलेलीं नव्हतीं. त्यामुळें कोणत्या चौकटींत नांव आणि कोणत्या चौकटींत जन्मतारीख, हें यंत्राला सांगतां येईना. शेवटीं चित्रांतील वेडींवांकडीं अक्षरें ओळखून लिहिण्याची अट आली. तीं ऐकण्याची सोय नव्हती. अखेर शेजारच्या मुलाला हांक मारून आपला परवलीचा शब्द त्याच्या स्वाधीन करावा लागला. मला तो म्हणाला, "गुरुजी, अर्ज भरला गेला, पण तो मीं भरला नाहीं."

यावर उपाय नाहीं असें नाहीं. 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम' या संस्थेनें १९९९ सालींच यासंबंधीं नियमावली प्रसिद्ध केली. पुढें २००८, २०१८ व २०२३ सालीं तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. तिचें सार चार गोष्टींत सांगतां येईल: पानावरील मजकूर इंद्रियांना कळावा, तें पान हाताळतां यावें, तें समजावें, आणि निरनिराळ्या साधनांशीं तें जुळावें. म्हणजे चित्रामागें त्याचें शब्दांत वर्णन असावें. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठीं सर्व क्रिया माउसावांचून, केवळ कळफलकानें करतां याव्यात. बधिरांसाठीं चलच्चित्राखालीं संवाद लिहिलेले असावेत. मंद दृष्टीच्या वाचकांसाठीं अक्षर व पार्श्वभूमि यांच्या तेजाचें प्रमाण निदान ४.५ स १ असावें.

मराठी पानांचीं दोन दुखणीं याहून निराळीं आहेत. कित्येक जुनीं पानें अशा टंकांत आहेत कीं, डोळ्यांना मराठी अक्षर दिसतें, पण संगणकाच्या लेखीं तेथें रोमन अक्षरेंच असतात. यंत्र तीं वाचूं लागलें कीं निरर्थक बडबड ऐकूं येते. युनिकोडमध्यें लिहिलें म्हणजे हा दोष राहत नाहीं. दुसरें दुखणें कागदाच्या छायाचित्राचें. सूचना टंकलिखित करावयाची, तिचें छायाचित्र काढावयाचें, आणि तेंच संकेतस्थळावर चढवावयाचें! ज्यांत अक्षरच नाहीं, केवळ चित्र आहे, तेथें वाचणारें यंत्र मुकें होतें.

२०११ च्या जनगणनेंत भारतांत सुमारें २ कोटि ६८ लाख दिव्यांग व्यक्ति मोजल्या गेल्या. त्यांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एक महत्त्वाचा निकाल दिला. ओळख पटविण्यासाठीं कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट असे. ॲसिड-हल्ल्यांत ज्यांचे डोळे व चेहरा होरपळला, त्यांना ती पुरी करतां येईना. त्यांच्या व एका अंध अर्जदाराच्या याचिकांवर न्यायालयानें सांगितलें कीं, डिजिटल सेवांपर्यंत पोहोंचणें हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे ही कोणावर करावयाची मेहेरबानी नव्हे.

श्रोतेहो, आपल्या शाळेचें, पतपेढीचें वा ग्रंथालयाचें संकेतस्थळ असेल, तर एक परीक्षा घेऊन पाहा. माउस बाजूला ठेवा आणि केवळ कळफलकानें त्यावरील एखादा अर्ज शेवटपर्यंत भरा. नंतर स्क्रीन रीडर सुरू करून, डोळे मिटून तोच अर्ज पुन्हां भरा. जेथें अडाल, तेथें कोणीतरी हळूच 'हें म्हणजे किती?' असें विचारीत आहे, असें समजा. आणि त्याला उत्तर द्या.