ओलं फडकं आणि पद्मिनी

मागच्या मे महिन्यात बाबांची प्रीमियर पद्मिनी भर घाटात बंद पडली. पद्मिनीवाल्यांच्या ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली. लगेच एका काकांचा फोन आला, "अरे, फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेव." इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, मग कार्बोरेटरला पेट्रोल पोचतच नाही. फडकं ठेवलं, पंधरा मिनिटं थांबलो, गाडी सुरू!

टॅक्सी होत्या तोवर पार्ट आणि मिस्त्री, दोन्ही सहज मिळायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या. आता एकाच्या माळ्यावरचा कार्बोरेटर दुसऱ्याच्या गाडीत जातो.

पण काका आता सत्तरीचे आहेत. म्हणून हल्ली मी दर रविवारी त्यांच्याकडे जातो, हात काळे करायला. पार्ट कुठेतरी सापडेल हो, ही अक्कल नाही सापडणार.